बागेतून रानात, रानातून कुठे?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बेघर माणसाचा तंबू हटवायचा असेल तर आधी बहात्तर तासांची नोटीस लावावी लागते. तसा कायदाच आहे. कागद तंबूपाशी लावतात. पावसाने भिजू नये म्हणून कधी तो प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला असतो. उचललेलं सामान निदान तीस दिवस सांभाळून ठेवायचं आणि मालक आला तर परत द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे झोपायची पिशवी, सायकलचं सुटं चाक, स्टोव्ह, कागदपत्रांची फाइल या सगळ्याला महिनाभराचा निवारा मिळतो. ज्याचं हे सामान, त्याची रात्रीची सोय काय, हे कायद्याने विचारलेलं नाही.

असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, आता पुढे दोन हजार शब्द कळवळा येणार. तसं नाही. मी चालणारा माणूस आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काही महिने राहायचा योग आला तेव्हा ओढ्याकाठच्या एका पायवाटेवर रोज सकाळी जात होतो. पुलाच्या पुढच्या वळणावर एक निळी ताडपत्री होती. तिच्यासमोरची जमीन कुणीतरी रोज झाडत असावं, कारण पालापाचोळ्यात तेवढाच एक चौकोन स्वच्छ दिसायचा. फांदीवर मोजे वाळत घातलेले. हे मला आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. पण तिथून पंचवीस पावलांवर ओढ्याच्या उतारावर जे होतं ते आवडण्यासारखं नव्हतं: फाटक्या पिशव्या, फुटलेल्या बॅटऱ्या, मैला आणि इंजेक्शनच्या सुया. एका आईने तिथून मुलाला कडेवर उचलून नेलं आणि परत ती त्या वाटेला आलेली मी पाहिली नाही. तिची तक्रार खोटी होती असं म्हणायची माझी तयारी नाही.

झाडलेला चौकोन आणि सुया एकाच वळणावर होत्या. या प्रश्नावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मात्र त्यातलं एकच काहीतरी दिसतं.

माझं म्हणणं असं आहे की रानांवर, ओढ्यांवर, डोंगरवाटांवर ज्यांचं खरं प्रेम आहे त्यांनीच शहरातल्या बागांमधून बेघरांना नुसतं हुसकावून लावण्याला सगळ्यात आधी विरोध करायला हवा. कारण उघड आहे. बागेतून उठवलेला माणूस हवेत विरत नाही. तो आधी दुसऱ्या बागेत जातो, मग पुलाखाली, मग रेल्वेच्या कडेला, मग नदीच्या पात्रालगत. आणि तिथूनही उठवला की जिथे पोलिसांची गाडी सहसा येत नाही अशा झाडीत शिरतो. रान हा या प्रवासाचा शेवटचा थांबा आहे, आणि तिथवर पोचवण्याचं काम शहरच करत असतं.

ओरेगनमध्येच बेंड नावाचं झपाट्याने वाढलेलं आणि महागलेलं शहर आहे. त्याच्या दक्षिणेला डेशूट्स राष्ट्रीय वन सुरू होतं. तिथल्या चायना हॅट रोडच्या आजूबाजूला पाइनच्या झाडीत जुन्या फिरत्या घरगाड्या, ट्रेलर आणि तंबू टाकून शंभराहून जास्त माणसं राहत होती, काही जण कित्येक वर्षं. शहराच्या आतली जागा जसजशी आवळत गेली तसतशी रानातली वस्ती वाढली. मग १ मे २०२५ रोजी वनखात्याने तो हजारो एकरांचा पट्टा बंद केला. कारण दिलं वणव्याचं: वाळलेली झुडपं काढायची, दाट झाडी विरळ करायची, काही भाग मुद्दाम जाळून घ्यायचा. हे कारण निव्वळ बहाणा नव्हतं. उन्हाळ्यात त्या भागात एक ठिणगी पुरते, आणि जिथे माणसं झोपलेली आहेत तिथे कुणी नियंत्रित आग लावू शकत नाही. बंदी लांबवावी म्हणून काही रहिवासी न्यायालयात गेले, पण न्यायालयाने ऐकलं नाही. न सुरू होणाऱ्या गाड्या ओढत, ढकलत माणसं बाहेर पडली. वनखातं आपल्या परीने बरोबर होतं. पण घर देणं हे वनखात्याचं कामच नाही, आणि ज्यांचं ते काम आहे त्यांनी ही माणसं वनखात्याच्या दारात येईपर्यंत वाट पाहिली.

याच राज्यातल्या पोर्टलंडमध्ये स्प्रिंगवॉटर कॉरिडॉर आहे. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी केलेली सुमारे वीस मैलांची वाट. २०१६ च्या उन्हाळ्यात तिच्या कडेने पाचशेच्या आसपास माणसं राहत असावीत असा अंदाज होता. सप्टेंबरात ती हटवली. काही दिवसांत आजूबाजूच्या वस्त्यांतून तक्रारी सुरू झाल्या की तंबू आमच्या गल्लीत आले. कॅलिफोर्नियात सॅन होजेला कायोटी क्रीकच्या काठावर ‘द जंगल’ म्हणून ओळखली जाणारी भलीमोठी वस्ती होती. डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे तीनशे जणांना तिथून काढलं. ओढ्याचं पाणी घाण होत होतं, त्यात मासे जगणं अवघड झालं होतं, ही कारणं खरीच होती. पण कित्येक जण त्याच ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पांगले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं. एका ठिकाणची घाण दहा ठिकाणी गेली आणि दहाही ठिकाणी साफसफाईची गाडी पोचेना.

इथे हिशेब मांडला पाहिजे. शहरातल्या बागेत तंबू असेल तर जवळ नळ असतो, संडास असतो, रुग्णवाहिका काही मिनिटांत येते, समाजसेविकेला रोज चक्कर मारता येते. तोच तंबू रानात गेला की पाणी ओढ्याचं, संडास झाडामागे, ऊब आणि स्वयंपाक आगीवर. म्हणजे त्याच माणसाची निसर्गाला पोचणारी झळ कितीतरी वाढते, आणि त्याला मदत करणं तितकंच अवघड होतं. बाग वाचली असं म्हणत आपण टाळ्या वाजवतो तेव्हा बिल रानाच्या नावाने फाटलेलं असतं.

कायद्याचं काय, असं कुणी विचारेल. ओरेगनमधलंच ग्रँट्स पास हे जेमतेम अडतीस हजार वस्तीचं गाव. काही वर्षांपूर्वीच्या तिथल्या नियमानुसार बागेत अंगावर पांघरूण घेऊन झोपणं म्हणजे ‘कॅम्पिंग’. दंड २९५ डॉलर. भरला नाही तर वाढायचा. पुन्हा सापडलात तर बागेत यायला बंदी, बंदी मोडलीत तर तीस दिवसांपर्यंत तुरुंग. २०१८ मध्ये मार्टिन विरुद्ध बॉईसी या, आयडाहो राज्यातल्या बॉईसी शहरावरच्या खटल्यात पश्चिमेकडच्या राज्यांच्या संघीय अपिली न्यायालयाने सांगितलं होतं की निवाऱ्यात जागाच नसेल तर बाहेर झोपल्याबद्दल शिक्षा देणं ही क्रूर शिक्षा ठरते. ग्रँट्स पासचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल गावाच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी बहुमताच्या निकालपत्रात लिहिलं की हा नियम बेघराला, सुट्टीवर आलेल्या भटक्याला आणि निदर्शनासाठी तंबू ठोकणाऱ्या विद्यार्थ्याला सारखाच लागू आहे. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात म्हटलं, झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नव्हे.

सारखाच लागू, हे शब्द मला त्या निकालात सगळ्यात जास्त खटकले. राष्ट्रीय वनांत बहुतेक ठिकाणी एका जागी चौदा दिवस तंबू टाकून राहता येतं. चौदा दिवस ती सहल. पंधराव्या दिवशी ते अतिक्रमण. कापड तेच, दोऱ्या त्याच, खुंट्या त्याच. फरक एवढाच की एकाला पंधराव्या दिवशी घरी जायचं असतं. ज्याला घर नाही त्याच्यावर कसला गुन्हा लादताय, तर घरी न गेल्याचा. निकाल राज्यघटनेच्या दृष्टीने योग्य की अयोग्य, यावर कायदेपंडितांनी वाद घालावा. न्यायालयाने ‘हे करू नका’ म्हणायचं नाकारलं याचा अर्थ ‘हे केल्याने प्रश्न सुटेल’ असा होत नाही. अनेक शहरांनी तो तसा घेतला आणि वर्षभरात तंबूबंदीचे नियम भराभर मंजूर केले.

बागा आणि बेघर यांचं नातं तसं जुनं आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क झालं तेच मुळी माणसं उठवून. १८५७ च्या सुमारास त्या जागेवरून जवळपास सोळाशे लोकांना हलवलं. त्यात सेनेका व्हिलेज ही बहुतांशी कृष्णवर्णीयांची, शाळा आणि चर्च असलेली वस्ती होती. पुढे महामंदीत त्याच पार्कमधला जुना जलाशय रिकामा केला होता तेव्हा बेकारांनी तिथे झोपड्या उभारल्या. त्यातली एक बेकार गवंड्यांनी विटांची बांधली होती, छपराला फरशा लावून. हातात कसब असलेली माणसं काम नाही म्हणून बागेत राहत होती आणि राहतानाही कसब सोडत नव्हती. १९३३ मध्ये ती वस्ती मोडली. आज त्या जागी विस्तीर्ण हिरवळ आहे, लोक चादरी पसरून बसतात. बसावंच. फक्त ‘बागा पूर्वी अशा नव्हत्या’ असं कुणी म्हणालं की मला त्या गवंड्यांची आठवण होते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिथेही सगळं सरळ नाही. काही कार्यकर्ते म्हणतात, तंबू राहू द्या, तो त्यांचा समाज आहे, त्यांनी निवडलेलं जगणं आहे. मला हे पटत नाही. तंबूत आग लागून माणसं मरतात. एकट्या बाईला रात्रभर जागं राहावं लागतं. २०१६ ते २०१८ या काळात सॅन दिएगोत हिपॅटायटिस ए ची साथ आली. ५९२ जणांना लागण झाली, २० दगावले. हा विषाणू मैल्यातून पसरतो. रस्त्यावर राहणाऱ्यांना संडास नव्हते, हात धुवायला पाणी नव्हतं. साथ हाताबाहेर गेल्यावर मग हात धुण्याची केंद्रं उभी राहिली आणि रस्ते धुतले गेले. ‘राहू द्या’ म्हणणाऱ्यांनी निदान संडासासाठी तरी भांडावं. नुसतं राहू देणं हे उदारपणाचं सोंग घेतलेलं दुर्लक्ष असतं.

आणखी एक गोष्ट या मंडळींच्या नजरेतून सुटते. तंबू बंगलेवाल्यांच्या बागेत सहसा पडत नाहीत. तिथे कुंपण असतं, फोन उचलणारा नगरसेवक असतो. ते पडतात दाटीवाटीच्या वस्तीतल्या बागेत, जिथल्या पोरांना घराला अंगण नाही आणि खेळायला तेवढी एकच जागा आहे. म्हणजे घर नसलेला आणि अंगण नसलेला यांच्यात झुंज लावून द्यायची आणि ज्यांना दोन्ही आहे त्यांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहायची. त्या वस्तीतल्या आईने बाग परत मागितली तर तिला निष्ठुर म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

‘निवारा देतो म्हटलं तरी ते येत नाहीत,’ हे वाक्य या चर्चेत हमखास येतं. काही जण येत नाहीत, खरं आहे. पण निवारा म्हणजे काय ते पाहा. नवरा-बायको वेगळे झोपा. कुत्रा बाहेर सोडून या. दोनच पिशव्या आणा. अमुक वाजता आत, सकाळी अमुक वाजता बाहेर. ग्रँट्स पासमध्ये मोठ्यांसाठी जो निवारा होता तो एका धार्मिक संस्थेचा. तिथे राहायचं तर सिगारेट बंद आणि प्रार्थनेला हजेरी. अशा अटींवर घरभाडं भरणारा एक तरी माणूस राहायला तयार होईल का? कुत्रा हा शेवटचा सोबती उरलेल्या माणसाला एका रात्रीच्या खाटेसाठी तो सोडायला सांगणं हा प्रस्तावच नव्हे.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराचा खटला या बाबतीत शिकवून जातो. २००८ मध्ये तिथल्या न्यायालयाने पाहिलं की हजाराहून जास्त बेघर आणि निवाऱ्यात खाटा १४१. तेव्हा बागेत रात्री आडोसा उभारायला बंदी घालता येणार नाही, असा निकाल दिला. शहराने मग नियम केला: संध्याकाळी सातला तंबू लावा, सकाळी सातला काढा. वाचायला समतोल वाटतं. प्रत्यक्षात कल्पना करा की रोज सकाळी अख्खं घर ओलं असताना घडी करायचं, पाठीवर घ्यायचं आणि बारा तास कुठेतरी काढायचे. नोकरीच्या मुलाखतीला जाल तर ते सामान कुठे ठेवाल? दवाखान्यात रांगेत उभे राहाल तर त्यावर लक्ष कोण ठेवील? न्यायालयाने माणूस वाचवला, पण नियमाने त्याला दिवसभराचा हमाल केला.

व्यसन आणि मनोविकार हेच मूळ कारण, असं ठासून सांगणारेही भेटतात. दोन्ही गोष्टी आहेत, आणि रस्त्यावर राहिल्याने दोन्ही वाढतात. पण अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्य वर्षानुवर्षं अमेरिकेत सगळ्यात वर राहिलं आहे आणि तिथे बेघरांचं प्रमाण कमी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत, सिॲटलमध्ये ते भरमसाट आहे. व्यसन दोन्हीकडे आहे; वेस्ट व्हर्जिनियात व्यसनी माणसाला परवडेल अशी खोली आहे. एके काळी मोठ्या शहरांतही सामाईक संडासाच्या, आठवड्याच्या भाड्याच्या एकेकट्यांच्या खोल्या असत. गलिच्छ म्हणून, धोकादायक म्हणून आणि मुख्य म्हणजे त्याखालची जमीन महाग झाली म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्या लाखांनी पाडल्या गेल्या. त्या खोलीत राहणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं हे पाहायचं असेल तर बागेत जावं. जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या मोजणीत अमेरिकेत ७,७१,४८० बेघर सापडले, आदल्या वर्षीपेक्षा अठरा टक्के जास्त. एका वर्षात देशाचं चारित्र्य अठरा टक्क्यांनी बिघडत नाही.

मग करायचं काय? वस्ती हटवायचीच नाही? हटवावी, पण क्रम बदलून. टेक्ससमधल्या ह्यूस्टनने हे करून दाखवलं. तिथे एखादी वस्ती बंद करायची ठरली की आधी कार्यकर्ते आठवडेच्या आठवडे तिथे जातात, एकेकाचं नाव, कागदपत्रं, आजार लिहून घेतात, प्रत्येकासाठी भाड्याचं घर शोधतात. लोक घरात गेले की मग जागा साफ करून बंद करतात. शंभराहून जास्त वेगवेगळ्या संस्था एकाच यादीवर काम करतात. २०११ पासून तिथली बेघरांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली. ह्यूस्टनमध्ये बांधकामावर निर्बंध कमी आहेत, भाडी पश्चिम किनाऱ्याच्या मानाने स्वस्त आहेत, त्यामुळे त्यांना हे सोपं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोला तितकं सोपं जाणार नाही. पण त्याच्याशेजारी लॉस एंजेलिसचं एको पार्क ठेवून पाहा. मार्च २०२१ मध्ये शेकडो पोलीस आणून तळ्याकाठची वस्ती उठवली, कुंपण घातलं, प्रत्येकाला जागा दिली जाईल असं सांगितलं. वर्षभराने विद्यापीठाच्या संशोधकांनी यादीतल्या १८३ जणांचा माग काढला. कायमच्या घरात पोचलेले निघाले सतरा.

फिनलंडने २००८ पासून ‘आधी घर’ हे धोरण राष्ट्रीय पातळीवर घेतलं. दारू सोडा, मग घर, असं नाही. आधी स्वतःच्या नावाचा भाडेकरार, मग दारूचं बघू. मोठमोठे निवारे मोडून त्यांचे छोटे फ्लॅट केले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अठरा हजारांच्या घरात असलेली बेघरांची संख्या चार हजारांच्या खाली आली. सरकारने मदतीला कात्री लावल्यावर २०२४ मध्ये ती पुन्हा थोडी वाढली, तेही सांगायला हवं. इतक्या वर्षांत कमावलेलं किती लवकर निसटू लागतं, त्याचं हे उदाहरण आहे. अमेरिकेचं केंद्र सरकार मात्र उलट दिशेने निघालंय. २४ जुलै २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात ‘आधी घर’ धोरणाचा आधार काढून घ्यायचा आणि तंबूबंदी राबवणाऱ्या शहरांना पैशात झुकतं माप द्यायचं असं ठरलं.

यावर निसर्गप्रेमी संघटनांनी काय करावं, याबद्दल माझं मत थोडं बोचरं आहे. पायवाटेची साफसफाई करायला शंभर स्वयंसेवक येतात, हातमोजे घालून सुया वेचतात, फोटो काढतात. चांगलंच आहे. पण शहराच्या सभेत एखाद्या वस्तीत छोट्या घरांची इमारत बांधायचा ठराव येतो तेव्हा त्यातले किती जण उठून ‘बांधा’ म्हणतात? बऱ्याचदा तेच लोक झाडं, सावली, वाहतूक यांचं कारण देऊन त्याला विरोध करताना दिसतात. जी इमारत आज झाडांच्या नावाने अडवली तिच्यातली माणसं उद्या झाडांखालीच येणार आहेत.

तोवर, म्हणजे घरं उभी राहीपर्यंत, काही कठोर गोष्टी मला मान्य आहेत. वणव्याच्या मोसमात दाट रानात वस्ती नको. ओढ्याच्या काठापासून ठरावीक अंतर हवं. खेळाच्या मैदानात तंबू नको. पण ‘इथे नको’ म्हणणाऱ्याने त्याच दमात ‘तिथे’ म्हटलं पाहिजे, आणि ते ‘तिथे’ म्हणजे नळ, संडास, कचराकुंडी, कुत्र्याला परवानगी आणि दिवसा सामान ठेवायला कुलूप असलेली जागा असावी. शहराच्या आत, बसच्या वाटेवर. डोंगरापलीकडच्या उजाड माळावर नव्हे.

माझ्या वळणावरची निळी ताडपत्री एका सोमवारी गेली. झाडलेला चौकोन आठवडाभर तसाच दिसत होता, मग त्यावर पानं पडली. सुया मात्र उतारावर तशाच होत्या; नोटीस तंबूसाठी होती, सुयांसाठी नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पायवाट संपते आणि नुसती चढण लागते, तिथे पुढच्या महिन्यात धूर दिसू लागला. मे महिना होता. गवत वाळत आलं होतं.